चार्ज

होडेकर शेठ फोनवर एवढंच बोलले:
पोराला चार दिवस दाखवा सगळं, मग बघू.
'मग बघू'चा अर्थ
साखरीनाट्यात शेंबड्या पोरालाही कळतो.

ऋतिक भाटकर. आयटीआय, राजापूर.
मला चौदा हजार. तो साडेनवात तयार.
हे त्यानंच सांगितलं, बूट काढता काढता.
म्हणाला, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल.

आधी कॉम्प्रेसर.
काट्याकडे बघू नकोस, म्हटलं,
काटा दोन हजार अकरापासून एकशेऐंशीवर झोपलाय.
तळवा ठेव. तिथं नाही, पाइपच्या कोपरावर.
गार लागलं तर ठीक,
चिकटलं तर स्विचकडे पळ.

मग मिठाच्या पाण्याची टाकी, डबे, उचलायची साखळी.
मे महिन्यात लाँचवाले शिव्या घालतात
तरी अर्धी धरलेली लादी द्यायची नाही,
दीपगृह मागं पडायच्या आत तिचं पाणी होतं
आणि बांगडा आपल्या नावानं कुजतो.

तो मोबाइलवर शूट करत होता.
माझा हात, माझा पाना, मधेच माझा खोकला.
वीस वर्षं. अकरा मिनिटांत मावली.

तिसऱ्या दिवशी
तीन नंबरच्या व्हॉल्व्हबद्दल मी काही बोललो नाही.
तो उलटा फिरतो.

इस्माईल सोलकर मलाही बोलले नव्हते.
ते सहा हजार घ्यायचे,
मी म्हटलं होतं, चारात करतो.
लग्न ठरलं होतं माझं.
पंधराव्या रात्री गॅस सुटला,
मी धक्क्यावर पालथा, तोंडावर ओला टॉवेल,
डोळ्यांत मिरचीची धुरी.
कुणीतरी त्यांना झोपेतून उठवून आणलं.
लुंगीवरच आत गेले.
बाहेर आले, माझ्याकडे बिडी मागितली,
म्हणाले, सांगायचं राहिलं होतं.

चौथा दिवस, रजिस्टर.
चार्ज दिला. चार्ज घेतला.
त्याची सही अजून शाळेतली, पूर्ण नाव, वडिलांसकट.
काका, डबा कुठं ठेवायचा?
आई म्हणते बंदरावर मांजरं फार.
दारामागची खुंटी दाखवली.
माझ्या पिशवीचा बंद घासून
तिथला रंग गेलाय.

पायरी उतरलो. चप्पल घातली.
सही झालेली, म्हणजे आता बोलेन ते बिनपगारी.

परत वर गेलो.
तीन नंबर, म्हटलं.
मोबाइल खिशात ठेव आधी.
हात दे इकडे.