आधी पडायचं

लाँगटनमध्ये, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये,
मंगळवारी साडेसहाला
आम्ही अकरा बायका ओळीने पडतो.

नोरीन टनिक्लिफ, वय अडुसष्ट,
दोन्ही गुडघे बदललेले,
ओरडते : हनुवटी छातीला!
हात आपट गादीवर, उशीर नको,
जमिनीला आधी तू मार,
मग ती तुला कमी मारते.

मी सांगलीची. आमच्याकडे पाठ टेकली की खेळ खलास.
मामाच्या तालमीत बायकांना मज्जाव,
पण खिडकीतून मी पाहिलंय,
पाठीला लागलेली माती
पोरं घरी जाईस्तोवर कशी लपवायची.
इथे पहिला धडाच पाठ टेकण्याचा.
दीड महिना दुसरं काही शिकलो नाही.

हे गाव कपबशांचं.
तिची आई जन्मभर कपांना कान चिकटवत राहिली,
दिवसाला हजारेक कान,
आणि घरात कायदा एकच :
हातातून काही पडता कामा नये.
अठराव्या वर्षी नोरीन फौजेत गेली,
जर्मनीत, एका कोठारात, ब्लँकेटं मोजायला.
तिथल्या जिममध्ये एका कॉर्पोरलने तिला
उचलून टाकलं,
आणि ती फुटली नाही.
उठून मी स्वतःला चाचपलं, ती सांगते,
साधा तडासुद्धा नव्हता गं.

त्यानंतर चार वर्षं तिला कुणी पाडू शकलं नाही.
तिन्ही दलांतल्या पोरींना तिने अस्मान दाखवलं.
पदकं बिस्किटांच्या डब्यात आहेत,
सुईदोऱ्याच्या खाली.
मग तिला दिवस गेले.
तेव्हाचा नियम असा की गरोदर बाई सैनिक नव्हे.
एका सहीत हुद्दा, गणवेश, कोठाराची किल्ली
सगळं परत.

सुपरमार्केटात रात्रपाळी करणाऱ्या बेथनने
एकदा विचारलं,
खरोखरीच्या आयुष्यात कधी वापरलंस का हे?
नोरीन गादीची कड सरळ करत राहिली.
मग म्हणाली, नाही.
अकरा वर्षं संसार केला.
तो माझ्याहून तीन इंच बुटका,
कमरेवरून अलगद गेला असता.
पण सामन्याआधी दोघांनी वाकायचं असतं ना.
तो कधी वाकला नाही.
मग सामना सुरू झालाय
हे मला कळायचं कसं?

रेडिएटर टकटकत होता तेवढाच.

म्हणून डाव ती शेवटी शिकवते.
आधी पडणं, मग आवाज.
माझं इंग्रजी 'नो' बाहेर यायचं
ते 'प्लीज'चं बोट धरूनच.
ती म्हणाली, ज्या भाषेत दचकतेस
त्या भाषेत ओरड.
मी ओरडले : सोड!
बायका फिस्सकन हसल्या,
त्यांच्याकडे ती शिवी निघाली,
फार मोठी नाही, रोजच्या वापरातली.
तेव्हापासून अकराही जणी मनगट हिसडताना
सोड म्हणतात,
कुणी कुठल्या अर्थाने, नोरीन विचारत नाही.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात
दंडावरचा काळानिळा डाग पाहून
डॉक्टरबाईंनी दार लोटून घेतलं,
खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला.
पडले, मी म्हणाले.
त्यांनी नुसतं पाहिलं. हे उत्तर त्यांच्या ओळखीचं होतं.
खरंच पडले हो, मंगळवारी, ठरवून,
साठ वेळा.

आठला आम्ही गाद्या रचतो.
पायऱ्या उतरताना नोरीन कठडा धरते,
एकेका पायरीवर दोन्ही पाय.
कुणी हात पुढे केला तर
नुसत्या नजरेने तो मागे घ्यायला लावते.
खाली पोचल्यावर, व्हॅनची किल्ली शोधत,
दर वेळी तेच सांगते :
पुढच्या खेपेला नखं कापून या.