राजहंसगडाच्या चढावर टायर

माझ्या दुकानातून तिनं टायर नेला.
मारुती व्हॅनचा, पार गुळगुळीत,
रिमोल्डलाही नालायक.
किती द्यायचे म्हणाली. मी म्हटलं, भंगार आहे, न्या.
कशाला, ते विचारलं नाही.
झोपाळ्याला नेतात लोक, कुणी तुळस लावतात.

दोन दिवसांनी येळ्ळूरच्या रस्त्यावर
दूध घालून परतणाऱ्या नागेंद्रनं पाहिलं:
सुलक्षणा देसूरकर, सोसायटीतल्या क्लार्क, वय एकोणपन्नास,
कमरेला दोर, दोराला टायर,
अंधारात राजहंसगड चढताहेत.
"काय करूलाय हे, ओ बाई?"
"सराव."
"कशाचा?"
"बर्फाचा."
दुपारी तो माझ्याकडं येऊन म्हणाला,
तुमच्या टायरनं बाई खुळी केली की ओ.

तीन महिने. तांबड्या मातीत एकच चर,
साप गेल्यासारखा, पण सरळ.
कुत्री आधी भुंकायची, मग सोबत जायची.
रविवारी ती मार्केट यार्डाजवळच्या कोल्ड स्टोरेजात
बटाट्याच्या पोत्यावर बसायची,
जाड हातमोजे घालून गाठ मारायची, सोडायची, मारायची.
वॉचमन बसवण्णी दारातून ओरडायचा,
साकु, अक्का, साकु.
पुरे हा शब्द तिला दोन्ही भाषांत कळत होता.

जानेवारीत गेली. नॉर्वेच्या वरच्या पठारावर,
जिथं त्या दिवसांत सूर्य उगवायचं नाव घेत नाही,
अकराच्या सुमारास नुसती निळी पहाट होते
आणि तीच संध्याकाळ.
मागं दोराला घसरगाडी: तंबू, रॉकेल, नऊ दिवसांचं अन्न.
म्हणाली, तुमच्या टायरपेक्षा हलकी होती.
म्हणाली, ध्रुववृत्त ओलांडलं तेव्हा बसमधले सगळे झोपलेले,
मी एकटी काचेला नाक लावून.
एवढी मोठी रेघ,
आणि कुणी पाटीवरच्या अक्षरांवरून भांडत नव्हतं.
पाटी असेलही. मला दिसली नाही.

जाऊबाईंनी पत्र्याच्या डब्यात मांडे दिले होते.
तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर नुसता चुरा.
तिनं तो मुठीनं खाल्ला, गोठलेली साखर दाताखाली,
आणि बाहेर गोठलेल्या ओढ्यावर कुणाचा तरी पाय पडला.
आवाज तोच, हो.
मनातले मांडे कसे मोडतात
ते मी कानानं ऐकलं, म्हणाली, आणि हसली.
मला हसावं की नाही कळेना.

चौथ्या दिवशी वादळ.
साठ तास तंबूत, चौघं, पाय एकमेकांत.
तिच्याकडं काम एकच: बर्फ वितळवणं.
पातेलंभर बर्फ टाकायचा, तळाशी वाटीभर पाणी.
परत टाकायचा.
घरच्या स्वयंपाकातून सुटून एवढ्या लांब आले
आणि तिथंही चुलीपुढंच, म्हणाली,
पण इथली डाळ शिजता शिजत नव्हती
आणि कुणी विचारत नव्हतं, झालं का.
पापण्या चिकटायच्या. ती बोटानं सोडवायची.
मोजा काढून. तिथंच चूक झाली.

पठार पार झालं नाही. मधूनच परत फिरले.
हे तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं,
टायर माझ्या पायाशी ठेवून, धुऊन पुसून आणलेला.
एका बाजूनं रबर इतकं गेलेलं
की आतले दोरे दिसत होते.
भंगार परत घेत नाही, मी म्हटलं.
तरी ठेवून गेली.

उजव्या हाताच्या दोन बोटांना आता काही कळत नाही.
शंभराची नोट, पाचशेची नोट, सारखीच.
काउंटरवर ती डाव्या हातानं मोजते, सावकाश,
आणि रांगेतलं कुणीतरी रोज म्हणतं,
लवकर ओ बाई, बस चुकूलाय.
ती मान वर करत नाही.
थांबा, म्हणते. अजून पाणी झालं नाही.