मागचे पाय

मे महिन्यात, कूलरमधलं पाणीसुद्धा कोमट झालेलं असताना,
महालातल्या मनपाच्या शाळेत
अश्लेषाताईंनी भूमिका वाटल्या.
तेली सुबोधला. तेलीण हिमानीला.
बैलाचं तोंड आणि पुढचे पाय भाविक नंदनवारला,
कारण बैलाला एक वाक्य होतं.
मागचे पाय मला.
"आणि शेपूट," ताई म्हणाल्या,
भाजीवाल्यानं वर कोथिंबीर घालावी तसं.

दंडार शिकवायला पवनीहून झिंगरूजी आले,
पिशवीत दोन टिपऱ्या, एक धोतर, खोकल्याची बाटली.
वय कधी ब्याऐंशी सांगायचे, कधी नव्वद.
आठवडाभर त्यांनी आम्हाला नुसतं गोल फिरवलं.
"पाय जमिनीले इचारून टाक, पोट्ट्या.
ते हो म्हनन, तवाच दुसरा उचल."
मी विचारत राहिलो.
जमीन मोझॅकची, जराशी थंड,
तिचं उत्तर कधी नीट ऐकू आलं नाही.

गोष्ट एवढीच:
तेल्यानं लोखंडी मशीन आणली,
घाण्याचा बैल विकायला काढला.
आणि वर्षातून एकदा, पोळ्याच्या संध्याकाळी,
बैलाला एक वाक्य बोलायची मुभा.
बाकी सगळं ढोलकी, टिपऱ्या
आणि हिमानीचं भांडण.

मी ते नाटक कधी पाहिलं नाही.
मी पाहिली भाविकची कंबर,
त्याच्या हाफपँटची उसवलेली शिवण,
विणीतून गळणारा पिवळा उजेड, कोंड्यासारखा.
इतवारीतून आणलेल्या गोणपाटाला
धन्याचा वास यायचा.
म्हणजे धने-जिऱ्यातल्या.
मालकाचाही म्हणा, हवं तर.

प्रयोगाला हॉल भरला.
तिकीट नव्हतं आणि एसी होता.

विकायचा प्रवेश आला.
ढोलकी थांबली, टिपऱ्या खाली गेल्या.
आता भाविकनं बोलायचं.
भाविक बोलेना.
त्याच्या पाठीचा घाम माझ्या कपाळाला लागला
तेव्हा कळलं, वाक्य आहे त्याच्यात,
घशाशी येऊन बसलंय.
कुणीतरी खोकलं.
सुबोधनं दावं पुन्हा एकदा ओढलं, मदत म्हणून.
पुढचे पाय रुतल्यासारखे.

मग मी बोललो.
ओणव्यानं, शेपटीच्या मुळाशी तोंड.
ताईंनी घोटून घेतलेलं "विकलंस" आठवलंच नाही,
आलं ते घरचं:

"इकलं त इकलं, धनी.
पन माहं नाव त्याले सांगतलं का?"

हॉल फुटला.
बैल मागून बोलला होता!
तिसऱ्या रांगेतून "अबे बाप्पा!" आलं, एक शिट्टी,
मग हसू उतरू लागलं,
आणि अर्ध्या पायरीवर
त्यांना ते वाक्य भेटलं असावं.
मला दिसलं नाही.
ऐकू आली फक्त एसीची घरघर
आणि हिमानी, जिला त्या जागी रडायचं नव्हतंच,
नाक ओढताना.

पडदा पडल्यावर ताई काही बोलल्या नाहीत.
भाविक चार दिवस बोलला नाही.
झिंगरूजी टिपऱ्या पिशवीत ठेवत म्हणाले,
"मांगून बोल्ला त काय झालं,
बैलच बोल्ला ना?"

रात्री साडेदहा, रस्ता अजून तापलेला.
बाबांची जुनी स्कूटर, सीताबर्डीचा सिग्नल.
"तू कोनता होता रे त्यातला?"
"मागचे पाय."
बराच वेळ लाल.
"शेपटी बरी हालवून राहिला होता."
मग, "अन् तो बोल्ला कोन?"
"बैल," मी म्हणालो.

बाबांनी गिअर टाकला.
माझ्यासमोर त्यांची पाठ, शर्ट घामानं चिकटलेला,
तिच्या पलीकडचं नागपूर
मला घर येईपर्यंत दिसलं नाही.