मूळचे कुठले

खोली नंबर चार. परकीय नागरिक नोंदणी.
वर्षाला फार तर साठ-सत्तर माणसं येतात:
कुणी सातपूरच्या कंपनीत, कुणी शिकायला,
एखादा त्र्यंबकला निघालेला, अनवाणी.
मी फोटो चिकटवतो, शिक्का मारतो,
त्यांची नावं देवनागरीत उतरवून घेतो,
तेवढीच माझी कलाकुसर.

नेझा कोबाल. वय एकतीस. देश स्लोव्हेनिया. गाव राजधानीचं.
"हा देश येतो कुठे?" गांगुर्डे हवालदारांनी विचारलं.
तिनं बोटानं टेबलावर इटली काढली
आणि शेजारी माझा चहाचा कप सरकवला.
डोकी मोजली तर आमच्या एका जिल्ह्यात
तिचे जवळजवळ तीन देश बसतील.
वास्तव्याचे प्रयोजन: द्राक्षवेलींची छाटणी, तालुका दिंडोरी.

पहिल्या वर्षी दुभाष्या घेऊन आली,
दुसऱ्या वर्षी वही,
तिसऱ्या वर्षी एकटीच, स्कूटीवर,
तोंडाला ओढणी बांधून, कॉलेज रोडच्या पोरींसारखी.
तक्रार एकच, की इथली वेल झोपत नाही.
"आमच्याकडे ती बर्फात चार महिने पडून असते.
तुम्ही एप्रिलात खरडता, ऑक्टोबरात पुन्हा कापता.
तिनं आराम कधी करायचा?"
मी म्हटलं, जानेवारीत पहाटे निफाडला जाऊन या,
थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या करतात.
गेली. येऊन म्हणाली,
"ही झेरॉक्स आहे. मूळ प्रत माझ्या घरी."

खोली मिळायला तिला सात महिने लागले.
गंगापूर रोडच्या सोसायट्यांना प्रश्न फार:
एकटीच? वाईनच्या कारखान्यात? आणि मटण?
शेवटी मखमलाबादच्या राजोळेबाईंनी वरची खोली दिली,
अट एवढीच, की साडेपाचला पाण्याची मोटर तिनं लावायची.
सहा महिन्यांत अख्ख्या गल्लीचं पाणी तिच्या हातात.
एकदा ती तापानं पडली
तर सतरा घरांना कळलं.

मला खोली मिळाली होती चौऱ्याण्णव साली, पंचवटीत.
घरमालक पावती फाडता फाडता म्हणाले,
"बोलण्यावरून इकडचे वाटत नाही. मूळचे कुठले?"
त्या रात्री मी जीभ घासायला घेतली.
शे गेलं, ऱ्हायना गेलं,
आईचा फोन आला की गच्चीत जाऊन बोलायचो.
माझ्या मुलींना ती भाषा
लग्नातल्या म्हाताऱ्यांची वाटते.

चौथ्या वर्षी, मुदतवाढीचा अर्ज घेऊन
नेझा काउंटरवर उभी राहिली आणि म्हणाली,
"कसा शेस, भाऊ?"

गांगुर्डे इतके हसले की खुर्ची करकरली.
"मॅडम, ही कुठली भाषा?"
"मराठी," ती गंभीरपणे म्हणाली. "आमच्या बागेतली."
सटाण्याकडच्या बाया छाटणीला येतात,
त्यांनी शिकवलेली, कात्रीच्या तालावर.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं
की यातलं काय शहरात आणायचं नसतं.

मी शिक्का शोधत होतो. शिक्का हातातच होता.
"बरा शे," मी म्हणालो,
आणि या कचेरीतल्या तीस वर्षांत पहिल्यांदा
माझा आवाज मला ओळखीचा वाटेना;
मग वाटला.

"तू कथाना शे?"
हे ती विचारते मला, जिच्या फायलीत
कायमचा पत्ता मी स्वतः तीनदा लिहिलाय.
"शेवाळी," मी म्हणालो. "तालुका साक्री."
ळ तिला अडला. थांबली. पुन्हा म्हणाली.
मग पिशवीतून वही काढून तिच्या लिपीत
माझं गाव उतरवून घेतलं,
शुद्धलेखन विचारून.

मुदतवाढ: एक वर्ष. सही. शिक्का.
शाई वाळायला जरा वेळ लागतो.
कॅन्टीनचा पोऱ्या चहा ठेवून गेला.
तिनं टेबलावर पुन्हा बोटानं इटली काढली
आणि तिच्या शेजारी
दोन कप ठेवले.