हातचा

मिसेस ट्वेटन फळ्यावर बेरीज मांडत तेव्हा
हातचा कोपऱ्यात लिहीत, बारीक,
थंडीत अंग चोरून उभ्या पोरासारखा.
म्हणत, याला विसरलात
की खालचं सगळं खोटं.

मी विसरायचो.
चौथीत दोनदा बसलो, एकाच बाकावर,
हीटरजवळ, म्हणून तक्रार नव्हती.
आता काउंटीचा बर्फ काढतो.

एकतीस वर्षं शिकवून झाली त्यांची,
आणि मार्चमध्ये बिस्मार्कहून कागद आला,
कोणत्या शाळेला किती डॉलर, त्याचा तक्ता.
बेरीज चुकली होती.
लाल पेन्सिलीनं सुधारून त्यांनी तो परत धाडला.
उत्तर आलं नाही.
मग त्या स्वतःच गेल्या.

जुन्या ब्यूइकमधून शेत न् शेत हिंडल्या.
कुत्री भुंकली नाहीत.
जिल्ह्यातल्या अर्ध्या मतदारांना
त्यांनी कधी ना कधी भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं,
तरी निवडून आल्या,
किंवा म्हणूनच.

जानेवारीत, उणे तीस, पहाटे चारला
मी नांगर घेऊन पुढे, त्या मागे,
हायवेपर्यंत.
आरशात त्यांचे दोन दिवे
न डगमगता.

तिथं म्हणे टेबलावर दोन बटणं असतात,
हिरवं आणि लाल,
आणि बाकी सगळे हातचं राखून बोलतात.
बाई आकडा विचारत.
ड्वेन केसेल, बीटवाला, सहा वेळा निवडून आलेला,
म्हणाला, बाई, हा काही वर्ग नाही.
त्या म्हणाल्या, दिसतंच आहे.
वर्गात कुणीतरी ऐकतं.

तिसऱ्या खेपेला ते बिल आलं.
बारापेक्षा कमी पोरं, तर शाळा बंद.
आमच्या लिंडालमध्ये नऊ.
त्यांतली एक माझी कारिन.
आम्ही अकरा जण दोन गाड्या करून गेलो,
गॅलरीत बसलो, टोप्या मांडीवर.
बाई आमच्याच होत्या. बोलायची गरजच नव्हती.

त्या उभ्या राहिल्या. वर पाहिलं नाही.
म्हणाल्या, नऊ मुलं, पाच इयत्ता, शिक्षक एक,
तोही साठ मैलांवरून येतो, वादळात येत नाही.
गेल्या हिवाळ्यात तेवीस दिवस
मुलं नुसती बसून होती.
मी त्या इमारतीत आयुष्य काढलं आहे,
छत कुठं गळतं ते मला माहीत आहे.
एवढंच.
आणि बोर्डावर त्यांच्या नावापुढे हिरवा.

परतताना गाडीत कुणी रेडिओही लावला नाही.

नंतर धान्याच्या गोदामात, जिथं सकाळची कॉफी असते,
त्यांच्या कपात कुणी ओतेना.
त्या स्वतः ओतून घेत, उभ्यानं पीत, जात.
मी काय केलं ते सांगतो.
त्या हिवाळ्यात त्यांची गल्ली सर्वांत शेवटी काढली,
दुपारी.
म्हटलं, बर्फ जड होता.
नव्हता.

नोव्हेंबरात त्या एक्कावन्न मतांनी पडल्या.
काउंटीच्या कचेरीत आल्या, गळ्यात चष्मा,
कागद मागितले, टेबलाशी बसल्या,
रकाने हातानं जुळवले.
कारकून रॉजर ओम, तोही त्यांचाच विद्यार्थी,
घामाघूम.
हातचा राहिला आहे, रॉजर, त्या म्हणाल्या.
एक्कावन्न नाही. एक्केचाळीस.
त्यानं खोडलं, दुरुस्त केलं.
त्यांनी पाहिलं, मान हलवली,
हातमोजे चढवले.
पडल्याच होत्या. पण आता बरोबर.

माझं मत त्या एक्केचाळिसांत कुठं होतं
ते विचारू नका.

कारिन आता चाळीस मिनिटं बसनं जाते.
परवा ओट्याशी गणितं करत होती.
म्हणाली, नव्या शाळेत सांगतात,
हातचा लिहायची गरज नाही,
मनात धरायचा.

खिडकीबाहेर पुन्हा सुरू झालं होतं, बारीक, तिरपं.
मी बूट चढवत होतो. आधी कुणाची गल्ली, ते ठरलेलं.
मी म्हटलं,
लिही.