रेतीचा अहवाल

प्रयोगशाळेत माझ्याकडे सात चाळण्या आहेत,
एकीवर एक बसणाऱ्या, पितळी.
वरची भोकं मटाराएवढी, खालची इतकी बारीक
की उजेडसुद्धा गाळून येतो.
बावीस वर्षं कन्हानची रेती हलवते आहे.
घाटावरून ट्रकने येते, ओली,
कधी तिच्यात शिंपला, कधी बांगडीची काच.
वाळवायची, चाळायची, तोलायची, रकान्यात लिहायची.
खाली सही: कु. टेंभरे.

इथून समुद्र कुठल्याही बाजूने लांबच.
शून्य मैलाच्या दगडावर हैदराबाद आहे, जबलपूर आहे,
बैतूलसुद्धा आहे.
आणि आमचा हेमराज निघाला जहाजावर,
भांडारी म्हणून.

मग बाटल्या यायला लागल्या.
खोकल्याच्या औषधाच्या, बुचाला चिकटपट्टी,
चिठ्ठी बाटलीभोवती गुंडाळलेली.

*अवं ताई, हे फ्रान्सची. इथं रेतीचा डोंगर आहे,
दरसाल सरकते आन् जंगल खाते.
झाडाचे शेंडे तेवढे वर,
बुडत्याच्या हातावानी.*

*हे डेन्मार्कची. कडा ढासळत दीपगृहापाशी आली,
तं लोकायनं अख्खं दीपगृह रुळावर ठेवलं
अन् मागं नेलं.
आपल्या गल्लीतला एक खांब हलवाले
किती अर्ज केले होते बाबानं, आठव.*

*हे नामिबची. इथं वाळवंटात जहाज पडून आहे.
ते नाही चालत आलं तिथवर.
समुद्रच उठून गेला.*

जेवणाच्या सुट्टीत मी त्या चाळल्या.
कन्हानची रेती सातही चाळण्यांवर घर करते,
मोठी, मधली, लेकुरवाळी.
ही मात्र सगळीच्या सगळी
एकाच चाळणीवर येऊन बसली, गप्प.
भिंगाखाली पाहिलं. गोल दाणे,
दूध आटवल्यासारखी धूसर कातडी.
वाऱ्याने हजारो वर्षं एकमेकांवर आपटून
कोपरे काढून घेतलेले.
शेजारी कन्हानचा दाणा ठेवला:
वाकडा, टोकदार, भांडकुदळ,
पण सिमेंटला असा धरतो की सोडत नाही.
फार फिरलेला दाणा कुणाला धरत नाही.
नोंदवहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलं,
नमुने तीन. बांधकामास अयोग्य.

मे महिन्यात तो आला. चाळीस दिवस.
मानेवाड्याला समोरच्या घरावर दुसरा मजला चढत होता,
गल्लीत रेतीचा ढीग, अर्धा रस्ता अडवून.
हेमराजला न हलणाऱ्या खाटेवर झोप येईना.
रात्री दोनला पाहिलं तर ढिगावर बसलेला,
पाय घोट्यापर्यंत आत.
दिवसभरच्या झळांनी ढिगाला बारीक लाटा पाडल्या होत्या,
मांजरीची पावलं त्यांवरून तिरपी गेलेली.

मीही जाऊन बसले.
त्याने मूठभर रेती वरून सोडली.
ती घसरली, थांबली.
तोच उतार परत.
"तिथं आभाळाएवढ्या टेकडीचाही एवढाच असते," तो म्हणाला.
"चौतीसच्या आसपास," मी म्हणाले,
"कोरडी असली की कुठंही."

थोड्या वेळाने:
"माह्या बाटल्या चाळल्या तू?"
"हो."
"मंग? पास का?"
शेजारचा कूलर जोरात घुरघुरत होता.
"रंग छान आहेत," मी म्हणाले.
तो हसला, जरा जास्तच वेळ.

निघायच्या दिवशी रिकामी बाटली घेऊन
तो पुन्हा ढिगापाशी.
"कोणाले नेतं रे ही?"
"तिथली घेतली न एवढी. भरपाई."

आता रात्री चाळण्या धुऊन पालथ्या घालताना
मनात हिशेब सुरू होतो.
नामिबच्या त्या टेकडीवर, गोल गोल दाण्यांत,
कन्हानचा एक टोकदार दाणा.
वारा सुटलाय. त्याला कुणी ओळखत नाही.
किती वर्षं लागतील त्याला
तिथल्यासारखं व्हायला?
आमच्या नोंदवहीत त्याचा रकाना नाही.

समोरच्याचा मजला झाला. ढीग संपला.
झाडून काढला तरी कडेला, नालीपाशी,
वीतभर उंचीची एक टेकडी उरली आहे.
परवा ती शिवणकरांच्या फाटकाशी होती.
आज आमच्या.