उंबऱ्याशी उथळ

अक्कलकोट रस्त्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात
नरसय्या गड्डम आकडी लावून लादी ओढतो,
एकतीस वर्षं, त्याच वाटेनं,
टाकीपासून दारापर्यंत.

शहाबादी फरशीत चर पडलाय.
वीतभर रुंद, मधे चार बोटं खोल,
उंबऱ्याशी उथळ.
तिथं लादी उचलून हातगाडीवर घ्यावी लागते.

मी रात्रशाळेत भूगोल शिकवतो.
फळ्यावर 'फियॉर्ड' लिहिलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं,
आम्ही समुद्रच बघितला नाही की ओ सर.
म्हणून सगळ्यांना इथं आणलं.

तिकडे नॉर्वेत हाच चर, मी सांगतो,
रुंदी जुळे सोलापूर ते स्टेशन,
लांबी इथून थेट दौंडपर्यंत,
दोन्ही अंगांना उभे कडे.
पण नुसता बर्फ दगड कापत नाही. बर्फ मऊ.
त्याच्या पोटात धरलेले खडे कापतात.
आणि वजन.
आणि घाई नसणं.

'मग इथले खडे आमच्या चपलेचे, मास्तर,'
नरसय्या म्हणतो, आणि तळवा उलटा करून बघतो.

डबे वर येतात. त्यांच्यावरून निथळलेलं मिठाचं पाणी
चरात उतरतं,
जिथं आत्ता लादी नाही
तिथं आत आत सरकत जातं,
कुणी बोलावल्यासारखं.

पद्मा यन्नम, दिवसा विड्या वळणारी,
खाली बसते. तंबाखूच्या वासाचं बोट
बुडवते, जिभेला लावते.
'खारट.'

रात्रीचे आठ. दाराबाहेर डांबर अजून तापलेलं.
कुणीच उठत नाही.

'सरका,' नरसय्या म्हणतो.
पुढची लादी आली.